कळीखाली अक्षर नसतं

कीबोर्डवर छापलेल्या अक्षरांवर फार विश्वास ठेवू नये. ती नुसती रंगाची असतात. दोन कळांच्या टोप्या उचकटून त्यांची अदलाबदल केली, तरी पडद्यावर पूर्वीचंच अक्षर उमटतं. वर्षानुवर्षं वापरलेल्या कीबोर्डवरचा ‘ए’ पुसून गेलेला असतो, पण म्हणून कुणाचं काम अडत नाही. यंत्राला अक्षर ठाऊकच नसतं. त्याला ठाऊक असते ती जागा.

कळांच्या खाली आडव्या-उभ्या तारांची एक जाळी असते. कळ दाबली की एक आडवी आणि एक उभी तार एकमेकींना जोडली जाते. आतली छोटी चिप सेकंदाला शेकडो वेळा या जाळीवरून नजर फिरवत असते आणि कुठली जोडी जुळली ते टिपते. गंमत म्हणजे धातूचे दोन तुकडे एका झटक्यात नीट चिकटत नाहीत. काही मिलिसेकंद ते थरथरतात, जुळतात, सुटतात, पुन्हा जुळतात. चिपनं तेवढा धीर धरला नाही तर एकदा दाबलेलं अक्षर तीनदा उमटेल. थरथर थांबली की चिप संगणकाला एक आकडा पाठवते: अमुक जागेवरची कळ दाबली. त्या जागेला इंग्रजीत ‘एल’ म्हणायचं की मराठीत ‘त’, हे संगणकातला एक तक्ता ठरवतो. तक्ता बदला, भाषा बदलली.

कळांचे प्रकार बरेच आहेत, पण फरक असतो तो या जुळण्याच्या तऱ्हेत. कचेऱ्यांतल्या स्वस्त कीबोर्डात प्लास्टिकचे तीन पापुद्रे असतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर विजेच्या वाटा छापलेल्या, मधल्याला भोकं. वर रबराची टोपडी. कळ तळाला टेकेपर्यंत दाबली तरच अक्षर उमटतं, आणि रबर जुनं झालं की चिखलात बोट घातल्यासारखं वाटतं. लॅपटॉपमध्येही बहुधा हेच रबर असतं, फक्त कळ सरळ खाली जावी म्हणून तिला कात्रीसारखा आधार दिलेला असतो. ‘मेकॅनिकल’ कीबोर्डात मात्र प्रत्येक कळीखाली स्प्रिंगचा स्वतंत्र स्विच. जर्मनीच्या चेरी कंपनीच्या नेहमीच्या स्विचमध्ये कळ चार मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर निम्म्या वाटेतच, दोन मिलिमीटरवर उमटतं. सराव झालेलं बोट तळ गाठतच नाही. त्यातला निळा स्विच टकटक वाजतो. तो घरी वापरावा, चार माणसांच्या खोलीत नव्हे. आयबीएमनं १९८५ साली आणलेल्या ‘मॉडेल एम’ कीबोर्डाची वाकून कडकन आवाज करणारी स्प्रिंग तर अजून चालू स्थितीत सापडते आणि शौकीन ती शोधत असतात.

हा सगळा बोटांच्या सुखाचा प्रश्न झाला. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो तक्ता.

इंग्रजीचा तक्ता अमेरिकेतल्या क्रिस्टोफर शोल्स यांच्या खटपटीतून आला. त्यांना टंकयंत्राचं पेटंट १८६८ साली मिळालं आणि १८७४ पासून बंदुका बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीनं ते यंत्र विकलं. मांडणी अशीच का, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. यंत्रातल्या अक्षरांच्या दांड्या एकमेकींत अडकू नयेत म्हणून, ही नेहमी सांगितली जाणारी कथा सगळ्यांना पटत नाही. ऑगस्ट ड्वोरॅक यांनी १९३६ साली जास्त विचारपूर्वक केलेल्या मांडणीचं पेटंट घेतलं, पण तोवर हजारो बोटं आधीच्या तक्त्याला सरावली होती. बोटांची सवय मोडणं किती कठीण असतं, हे यावरून कळतं.

मराठीचं तसं नाही. आपल्याकडे निरनिराळे तक्ते आले आणि प्रत्येकानं मराठी लिहिणं म्हणजे काय, याचं वेगळं उत्तर दिलं.

पहिलं उत्तर टंकयंत्राचं. मुंबईत गोदरेजनं १९५५ साली देशी टंकयंत्र बनवलं. तालुक्याच्या गावी बसस्थानकाजवळ, जिन्याच्या वर, टायपिंग इन्स्टिट्यूट असायचीच. मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट या वेगाची प्रमाणपत्रं म्हणजे लिपिकाच्या नोकरीची किल्ली होती. या यंत्रासाठी अक्षर म्हणजे आकार. ‘ख’ एका कळीवर मावत नसे. आधी अर्धा ख, मग शेजारी काना मारायचा. ‘किती’ लिहायचं तर पहिल्यांदा वेलांटी, मग क. कागदावर डावीकडून उजवीकडे जे दिसतं त्याच क्रमानं. तोंडातून क आधी निघतो, याच्याशी यंत्राला देणंघेणं नव्हतं. संगणक आले तेव्हा हीच सवय फॉन्टमध्ये शिरली. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले फॉन्ट निघाले. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रास दिसे. कित्येक नियतकालिकांचे जुने अंक आज शोधता येत नाहीत, कारण त्यांतलं मराठी संगणकाच्या दृष्टीनं मराठी नव्हतंच.

दुसरं उत्तर इन्स्क्रिप्ट या कळमांडणीचं. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ तंत्रज्ञान घडवलं. पुढे ते काम पुण्याच्या सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेत आलं. इन्स्क्रिप्टची कळमांडणी १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १३१९४ या मानकात नोंदली गेली. इथं आधार आकाराचा नाही, वर्णमालेचा आहे. स्वर आणि त्यांची चिन्हं डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. शिफ्ट धरली की क चा ख होतो, त चा थ, प चा फ, ग चा घ. शाळेत पाठ केलेली वर्णमाला बोटांखाली येते. ‘किती’ लिहून पाहा. उजव्या हातानं क, डाव्यानं वेलांटी, उजव्यानं त, डाव्यानं दीर्घ वेलांटी. जसं बोलतो तसंच, आणि हात आळीपाळीनं. जोडाक्षरासाठी डाव्या मधल्या बोटाखाली पाय मोडायची कळ आहे. शिवाय गुजराती, बंगाली किंवा कन्नड लिहायचं तरी क आणि त त्याच जागी. एवढी शहाणी मांडणी सरकारी समितीतून बाहेर पडते यावर विश्वास बसत नाही, पण पडली खरी. दोषही होते. मराठीचा ‘ॲ’ युनिकोड या संगणकांच्या सामायिक अक्षरसूचीत २००८ साली स्वतंत्र आला. तोवर हिंदीच्या पद्धतीचा ‘ऍ’ चालवून घ्यावा लागे.

तिसरं उत्तर आज बहुतेकांच्या हातात आहे. रोमन अक्षरांत स्पेलिंग करायचं आणि संगणकानं मराठी शब्द सुचवायचा. याला नावं ठेवणं सोपं आहे, पण कसलंही शिक्षण न घेता लाखो माणसं याच वाटेनं मराठी लिहू लागली, हे मान्य करायला हवं. तरी तक्रार आहेच. ‘के ए एल’ एवढं टंकलं की काल, काळ, कल, कळ यांतलं काय हवं ते यंत्र ओळखतं, आपण नाही. ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट हे मराठी कानाला स्वच्छ वेगळे असलेले वर्ण आधी रोमन लिपीत एकत्र कोंबायचे आणि मग सोडवून घ्यायचे. मराठी विचार, त्याचं इंग्रजी स्पेलिंग, त्याचं पुन्हा मराठी. पहिला पर्याय चुकीचा असला तरी घाईत तोच स्वीकारला जातो, आणि ‘पाणी’च्या जागी ‘पानी’ छापून येतं. सुचवलेल्यातून निवडणं आणि स्वतः लिहिणं यांत फरक आहे. पानभर मजकूर लिहिताना तो बोटांना जाणवतो.

फोनवर चार ओळींचा निरोप धाडणाऱ्यानं याची काळजी करू नये. पण जे रोज मराठी लिहितात, शिक्षक, वकील, पत्रकार, कारकून, अनुवादक, त्यांनी वर्णमालेवर बेतलेली मांडणी सोडून स्पेलिंगचा वळसा घालत राहावं, हे मला पटत नाही. ‘शिकायला वेळ कुठे आहे’ हे उत्तरही पटत नाही. दर शब्दाला यादीतून निवड करण्यात जाणारा वेळ कुणी मोजत नाही, एवढंच.

इन्स्क्रिप्टसाठी नवा कीबोर्ड विकत घ्यावा लागत नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषा जोडा. तिथं नुसता ‘मराठी’ या नावाचा जो कीबोर्ड मिळतो, तो इन्स्क्रिप्टच असतो. एफ आणि जे या कळांवरचे बारीक उंचवटे तर्जनींनी चाचपा. डाव्या तर्जनीखाली ऱ्हस्व वेलांटी आहे, उजवीखाली र. तक्त्याचं चित्र काही दिवस समोर ठेवा आणि कळांवर देवनागरी अक्षरांचे स्टिकर मात्र चिकटवू नका. त्यांच्याकडे बघत राहिलात तर बोटं कधीच शिकणार नाहीत.