भिंतीपलीकडचा उष्मा

भर वैशाखात मनुष्याने गारव्याची इच्छा करावी, यात अनीती ती कोणती, असे कोणी विचारल्यास सहजासहजी उत्तर सुचणार नाही. मलाही हा प्रश्न कधी विचारण्याजोगा वाटला नव्हता. परंतु गेल्या उन्हाळ्यात हिंगोली जिल्ह्यातील आमच्या शेतावर एक रात्र अशी गेली, की तिने मनाला लावलेली चुटपूट अद्याप सुटलेली नाही.

माझी थोरली बहीण ७८ वर्षांची असून हृदयविकाराने अधू झाली आहे. औंढ्याच्या वाटेवर आमचा आखाडा आहे. तेथे लहानपणी जशी निजत असे तसे पुन्हा एकदा निजावे, नागनाथाचे आणि नामदेवांच्या नरसीचे दर्शन घ्यावे, एवढीच तिची इच्छा होती. नातवंडांना सुटी मे महिन्यात, आणि त्या दिवसांत आमच्याकडे पारा बेचाळिशी ओलांडतो. म्हणून डॉक्टरांचा नकार होता. तेव्हा तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, निराळाच तोडगा काढला. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून फिरत्या घरांची चर्चा आपल्याकडेही कानांवर येते. त्याने मिळविले ते घर घडीचे होते. मोटारीमागे ओढावयाची ही दोन चाकांची गाडी. प्रवासात तिचे छप्पर खाली बसते आणि मुक्कामी हँडल फिरविले की ते चार खांबांवर वर चढते व भोवती कापडाच्या भिंती ताणल्या जातात. या छपरावर त्याने एसी बसविला.

हे काम दिसते तितके सोपे नाही. असले छप्पर बहुधा स्वतःचाच भार पेलण्याइतके मजबूत असते. त्यावर चाळीस किलोंहून अधिक वजन ठेवावयाचे म्हणजे आतून लोखंडी पट्ट्यांचा आधार देणे आले. झरोक्याचे १४ इंचांचे चौकोनी भोक यंत्रासाठी कामी आले. कडेने रबराची पट्टी बसवून बोल्ट चहूंकडून सारखे आवळले, कारण तेथे चूक झाली तर पहिल्याच पावसाचे पाणी आत यावयाचे. इतके करूनही, जे हँडल पूर्वी एकटा मनुष्य फिरवीत असे त्याला आता दोघे लागू लागले. शिवाय कापडाची भिंत गारवा धरून ठेवीत नाही, म्हणून यंत्राला उसंत नाही. आणि शेतात वीज नाही, म्हणून जनरेटर आला.

हे यंत्र थंडी उत्पन्न करते, असा आपला समज असतो. वस्तुतः ते आतली उष्णता उचलून बाहेर टाकते आणि आपल्या श्रमाची उष्णता तीत मिळविते. एक टनाचा एसी म्हणजे एक टन बर्फ चोवीस तासांत वितळविण्यास जितकी उष्णता लागेल, तितकी घराबाहेर वाहून नेणारा हमालच होय. (१९०२ साली कॅरिअर याने पहिले असे यंत्र रचिले ते ब्रुकलिनमधील एका छापखान्यातील कागद दमट हवेने बिघडू नये म्हणून; मनुष्याचा नंबर मागाहून लागला.) हिंगोली ही एके काळी हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. असल्या छावण्यांतील बंगल्यांत साहेब वाळ्याच्या ताट्यांआड बसत, आणि ताट्यांवर पाणी शिंपणारा व पंख्याची दोरी ओढणारा उन्हात बसत. म्हणजे गारव्याचा खर्च तेव्हाही भिंतीपलीकडेच पडत होता.

आपल्या जुन्या माळवदांचे मात्र तसे नव्हते. हात-दीड हात मातीचा तो थर कोणाच्याही अंगावर उष्मा न टाकता घर थंड ठेवीत असे. आमच्या आखाड्यावरही माळवद होते. दरवर्षी माती टाकण्याचा खर्च नको म्हणून आम्हीच ते मोडून वर पत्रे घातले. आता तेथे सालगडी राहतो आणि उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली निजणे अशक्य म्हणून त्याचे कुटुंब लिंबाखाली बाजा टाकते. ही गोष्ट मला ठाऊक होती. परंतु तिचा अर्थ मला कळला होता, असे म्हणवत नाही.

आमचे घर त्या लिंबापासून तीस पावलांवर उभे राहिले. रात्री यंत्र सुरू झाले. उघड्या शेतात एका एसीचा उष्मा तो किती! तो तेव्हाच विरून जातो. तेवढ्यावरून गहजब करणे खोटेपणाचे होईल. पण जनरेटरचा आवाज आणि धूर विरत नव्हता. कापडातून लिंबाखालच्या लेकराचे रडणे आणि त्याला थोपटणाऱ्या आईचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

अक्का म्हणाली, "अरे, त्या लेकराला झोप लागत नाहीये. बंद कर ते."

भाचा माझ्याकडे वळला. "मामा, पुण्यात आमच्या एसीचं तोंड शेजाऱ्यांच्या खिडकीकडेच आहे. तिथं कधी कोणी काही म्हणालं नाही."

त्याचे म्हणणे खरे होते. आणि माझ्याही घराची स्थिती निराळी नाही. तेथे भिंत विटांची असते, एवढाच भेद. शेजाऱ्याच्या खोलीत आपण काय ओततो हे तीतून ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येत नाही त्याविषयी आपले मन स्वस्थ राहते. कापडाच्या भिंतीने गारवा राखला नाही, तशी ही सोयही राखली नाही. आता कोणी म्हणेल, लेकराची झोप आणि हृदयविकार यांची तुलनाच होत नाही. ती करण्याचा अधिकार आतल्या माणसाला कितपत असतो, याविषयी मात्र मी साशंक आहे. कारण तराजू ज्याच्या हाती, त्याचेच पारडे बहुधा जड भरते.

अक्काच्या हट्टाने यंत्र बंद झाले. कापडाचे पडदे वर गुंडाळले. लेकरू निजले. मी घामाने निथळत जागा होतो. दोन वाजण्याच्या सुमारास अक्काला धाप लागली. भाचा गोळी शोधू लागला, मी तिला बसते केले. आमची धावपळ पाहून सालगडी उठून आला. काय झाले, हे त्याला सांगावे लागले नाही. त्याने आपल्या हाताने जनरेटरची दोरी ओढली. यंत्र सुरू झाल्याची खात्री होईपर्यंत तो थांबला, आणि मग लेकराला खांद्यावर टाकून, एका हाताने बाज ओढीत, विहिरीकडे निघून गेला.