अपराध्याला वांचवावें काय?

एका कलाकृतीचें दुसऱ्या माध्यमांत रूपांतर करणाराला पहिला प्रश्न विचारला जातो तो हा कीं, तो मुळाशीं एकनिष्ठ राहिला कीं नाहीं. प्रश्न वाजवी आहे. पण ही एकनिष्ठता कशाशीं, हें ठरविल्यावांचून त्याचें उत्तर देतां येत नाहीं. कथानकाशीं, पात्रांच्या स्वभावाशीं, कीं लेखकानें ज्या प्रश्नाभोंवतीं सारी रचना उभी केली त्या प्रश्नाशीं? रहस्यकथेच्या बाबतींत ही अडचण विशेष जाणवते. तिचा जीव उत्तरांत असतो, आणि एकदां कळलेलें उत्तर पुन्हा अज्ञात करतां येत नाहीं. नाटकाचा किंवा चित्रपटाचा प्रेक्षक हें सोसूं शकतो. शेवट ठाऊक असूनहि तो नटांचें काम पाहावयास जातो. व्हिडिओ गेम खेळणाराची गोष्ट वेगळी आहे. पुरावा त्यालाच शोधावयाचा असतो, तर्कहि त्यालाच बांधावयाचा असतो. खुनी कोण हें ज्याला घरूनच ठाऊक आहे, त्यानें शोधावयाचें तरी काय?

उदाहरण म्हणून अगाथा ख्रिस्ती यांची, आज ‘अँड देन देअर वेअर नन’ या नांवानें ओळखली जाणारी, १९३९ सालची कादंबरी घेऊं. तिचें रहस्य फोडल्यावांचून पुढचें विवेचन शक्य नाहीं; तेव्हां ज्यांनीं ती वाचलेली नाहीं त्यांनीं क्षमा करावी. इंग्लंडांतील डेव्हन परगण्याच्या किनाऱ्याजवळ एका बेटावर दहा माणसें निरनिराळ्या निमित्तांनीं गोळा होतात. पहिल्याच रात्रीं ग्रामोफोनच्या तबकडींतून निघालेला एक आवाज प्रत्येकावर कोणाच्या ना कोणाच्या मृत्यूचा आरोप ठेवतो. मग एका बालगीताच्या क्रमानें एकेक जण मरूं लागतो, आणि शेवटीं बेटावर कोणीहि उरत नाहीं. हें सारें घडवून आणणारा त्या दहांपैकींच एक आहे: निवृत्त न्यायाधीश वॉरग्रेव्ह. कायद्याच्या हातीं न सांपडलेल्या अपराध्यांना शासन करण्याचा त्याला ध्यास आहे, आणि त्या ध्यासाच्या पोटांत मृत्यु पाहण्याची लहानपणापासूनची गोडी आहे. ज्याचा दोष हलका त्याला आधीं मारावें, म्हणजे भीतीचा दीर्घ भोग सर्वांत मोठ्या अपराध्याच्या वांट्यास येईल, इतका बारीक हिशेब त्यानें केलेला असतो.

आतां या माणसांचे अपराध कोणत्या जातीचे आहेत तें पाहा. मुलांना शिकविणारी व्हेरा आपल्या हवालीं असलेल्या लहान मुलाला दूरच्या खडकापर्यंत पोहत जाऊं देते. रॉजर्स पतिपत्नी आजारी मालकिणीला वेळेवर औषध देत नाहींत. एमिली ब्रेंट ही धर्मशील बाई गरोदर राहिलेल्या मोलकरणीला घराबाहेर काढते, आणि ती मुलगी जीव देते. लोंबार्ड पूर्व आफ्रिकेंतील एकवीस माणसांना रानांत उपाशी मरावयास सोडून स्वतः निघून जातो. यांपैकीं कोणीं कोणावर शस्त्र उचललेलें नाहीं. करावयास हवें होतें तें केलें नाहीं, थांबवितां आलें असतें तें थांबविलें नाहीं, एवढाच त्यांचा गुन्हा. आणि असल्या गुन्ह्याला धरून ठेवील इतकी कायद्याच्या जाळ्याची वीण बारीक नसते. मग या अपराधांचा न्याय कोणीं करावा, हा कादंबरीचा खरा प्रश्न होय. जो माणूस तो करावयास पुढें सरसावतो तो स्वतःच दहांतला सर्वांत मोठा खुनी ठरतो, यांत लेखिकेनें त्या प्रश्नाची भयानकता दाखविली आहे.

या बेटावर आणखी एक जण हजर असतो, त्याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. तो म्हणजे वाचक. तो सर्व कांहीं पाहतो, प्रत्येकाच्या मनांतली भीति ऐकतो, आणि कांहींच करीत नाहीं. त्याला त्याचा दोष लागत नाहीं, कारण कांहीं करणें त्याच्या हातींच नसतें. पुढचें पान उलटण्यापलीकडे त्याला कर्तृत्व नाहीं. वाचनाच्या सुखांत निर्दोष राहण्याचें हें सुख पुष्कळच मिसळलेलें असतें.

खेळ नेमकें हेंच सुख हिरावून घेतो. एडब्ल्यूई गेम्स या संस्थेनें या कादंबरीवरून केलेला व्हिडिओ गेम २००५ सालीं बाहेर पडला. त्यांत दहांच्या जोडीला पॅट्रिक नॅराकॉट नांवाचा एक अकरावा माणूस घातला आहे. पाहुण्यांना बेटावर पोहोंचविणाऱ्या नावाड्याचा हा भाऊ. त्याच्यावर तबकडीनें कोणताहि आरोप ठेवलेला नाहीं. खेळणारानें या अकराव्याच्या रूपानें बेटावर वावरावयाचें असतें. त्यानें वेळीं योग्य तें केलें तर लोंबार्ड किंवा व्हेरा, किंवा दोघेंहि, वांचतात. न केलें तर मरतात. आणि त्याप्रमाणें खेळाचा शेवट बदलतो. ही योजना वरवर पाहतां केवळ सोयीची वाटेल. परंतु तिच्यांत मोठा नैतिक अर्थ दडलेला आहे. दहांपैकीं कित्येक आरोपींचा अपराध न करण्याचा होता. आतां खेळणाराच्या हातूनहि तोच अपराध घडूं शकतो. महाभारतांत द्यूतसभेमध्यें विदुर बजावतो कीं, निंद्य कृत्याची जे निंदा करीत नाहींत त्या सभासदांकडेहि पापाचा चौथा हिस्सा जातो. कादंबरीचा वाचक या सभेच्या बाहेर उभा असतो. खेळणारा सभेंत बसलेला असतो. एवढ्यापुरतें बोलावयाचें तर रूपांतरानें मूळ कृतीचा आशय अधिक खोल नेला, असेंच म्हटलें पाहिजे.

पण याच रूपांतरानें एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें काढून घेतलें आहे. जुना वाचक फसावा म्हणून कर्त्यांनीं खुनीच बदलला. वॉरग्रेव्हच्या जागीं त्यांनीं एमिली ब्रेंटचें सोंग घेऊन आलेली एक नटी आणली, आणि वॉरग्रेव्हनें फांशीं दिलेल्या प्रियकराचा सूड हा तिचा हेतु ठरविला. नांव बदललें याबद्दल आमची तक्रार नाहीं. कोडें पुन्हा कोडें व्हावें यासाठीं तें बदलणें भागच होतें. तक्रार हेतूबद्दल आहे. न्यायाच्या वेडानें खून करणारा न्यायाधीश आपल्यालाच प्रश्न विचारतो, कारण अपराध्याला शासन व्हावें ही त्याची इच्छा आपल्याहि मनांत असते. प्रियकरासाठीं सूड घेणारी स्त्री असा कोणताहि प्रश्न विचारीत नाहीं. ती सांपडली कीं हिशेब मिटला. खुनी नवा शोधूनहि न्यायाचा प्रश्न राखतां आला असता.

येथें कोणी म्हणेल कीं, स्वतः ख्रिस्ती यांनींच शेवट बदलला होता. खरें आहे. १९४३ सालीं या कथेचें नाटक लंडनच्या रंगभूमीवर आलें तेव्हां त्यांनीं व्हेरा आणि लोंबार्ड यांना जिवंत ठेवलें. १९४५ सालीं रेने क्लेअर यांच्या चित्रपटानेंहि तीच वाट धरली. मूळचा निर्दय शेवट पडद्यावर कायम ठेवण्याचें धैर्य १९८७ सालीं रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्ह गोवोरूखिन यांनीं दाखविलें. परंतु नाटकांतल्या बदलाची एक खुबी लक्षांत घेण्यासारखी आहे. ज्यांना वांचवावयाचें त्यांना लेखिकेनें आधीं निरपराधी ठरविलें. युद्धाच्या दिवसांत नाट्यगृहांत बसलेल्या प्रेक्षकाला सर्वस्वीं काळोख नको होता, हें समजण्यासारखें आहे. पण त्या सोयीपायीं एक गृहीत तत्त्व गुपचूप आंत शिरलें: वांचण्याचा अधिकार फक्त निर्दोष माणसाला आहे.

हें तत्त्व वॉरग्रेव्हचेंच नव्हे काय? दोषी असेल त्यानें मरावें, निर्दोष असेल त्यानें वांचावें, याहून त्याचें तरी दुसरें काय म्हणणें होतें? त्याच्या मोजमापानें माणसांची निवड करावयाची आणि त्याला मात्र राक्षस म्हणावयाचें, यांत विसंगति आहे. बुडणाऱ्याला हात देणारा मनुष्य आधीं त्याचें चारित्र्य तपासूं लागला तर तो वांचविणारा राहत नाहीं, न्यायाधीश होतो. आणि त्या बेटावर न्यायाधीश झाल्यानें माणसाची काय गति होते तें कादंबरीनें सांगितलेंच आहे.

म्हणून या कथेवर उद्यां कोणी नवा खेळ रचणार असेल तर त्यानें खुन्याचें नांव खुशाल बदलावें, खोल्या, चाव्या, पत्रें हवीं तशीं मांडावीं; पण व्हेराच्या माथ्यावरचा दोष पुसूं नये. तिनें त्या मुलाला समुद्रांत जाऊं दिलें हें खेळणाराला पूर्णपणें कळूं द्यावें, आणि त्यानंतर तिच्या खोलीच्या दाराशीं त्याला उभें करावें. आंत फांस तयार आहे, वेळ थोडा आहे, आणि पाऊल उचलणें न उचलणें त्याच्या हातीं आहे. वाचकाला हा क्षण कोणतीहि कादंबरी देऊं शकत नाहीं, कारण कादंबरींत दार उघडावयाचें कीं नाहीं हें लेखिकेनें पूर्वींच ठरविलेलें असतें.

शेवटीं एक आक्षेप उरतो: खेळ तो खेळ, त्यांत इतकें गांभीर्य कशाला? परंतु ज्या गोष्टीसाठीं मनुष्य रात्री जागवितो तिनें त्याच्या मनाला कसले वळण लावलें हें विचारण्याचा अधिकार कोणालाहि आहे. रहस्यकथांनाहि एके काळीं करमणुकीपलीकडे किंमत नव्हती. दार उघडणारानें आंतल्या बाईची निर्दोषता सिद्ध झाल्यावर तें उघडलें, तर त्यानें एक कोडें सोडविलें. ती दोषी आहे हें ठाऊक असतांनाहि त्यानें तें उघडलें, तर वॉरग्रेव्हला त्या बेटावर प्रथमच उत्तर मिळालें.