कायमचा पत्ता

सरकारी अर्जावर 'सध्याचा पत्ता' आणि 'कायमचा पत्ता' असे दोन रकाने शेजारीशेजारी नांदत असतात. पहिला आपण खाली मान घालून भरतो. दुसऱ्यापाशी मात्र पेन थबकतं. शंभर वर्षांनी सगळ्यांचा कायमचा पत्ता एकच, हे खिडकीतल्या कारकुनाला सांगण्यात अर्थ नसतो. मग आपण 'वरीलप्रमाणे' असं लिहून अमरत्वाचा प्रश्न निकालात काढतो.

ही पंचाईत संगणकालाही चुकलेली नाही हे कळलं, तेव्हा मला त्या यंत्राविषयी प्रथमच आपुलकी वाटली. एका यंत्राला दुसऱ्याशी बोलायचं तर पत्ता लागतो. १९८१ साली ठरलेल्या रीतीप्रमाणे हा पत्ता म्हणजे चार आकडे आणि मध्ये टिंबं. असे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. एवढे जगाला पुरतील असं मानणाऱ्यांनी मुंबईत जागा शोधलेली नसावी. २०११ च्या फेब्रुवारीत मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठेसुद्धा वाटून झाले. तोवर घरगुती वापरासाठी १९२.१६८ नं सुरू होणारे पत्ते वेगळे काढलेले होतेच. ते घरोघरी तेच. गावोगावी मारुतीचं देऊळ असतं तसे. गावात विचारलंत तर पोचाल, पण दादरला उतरून टॅक्सीवाल्याला 'मारुतीच्या देवळापाशी' एवढंच सांगून बघा!

घरात हे पत्ते वाटतो तो राउटर. तो घरमालक. पत्ता देतो तो भाड्यानं, मुदतीच्या बोलीवर. निम्मी मुदत सरली की यंत्र आपणहून मुदतवाढ मागतं. इतका सालस भाडेकरू मी तरी आमच्या चाळीत पाहिला नव्हता. पण यंत्र बरेच दिवस बंद राहिलं की मुदत संपते आणि त्या जागी दुसरंच बिऱ्हाड येऊन बसतं.

आमच्या पुतण्यानं घरातल्या जुन्या संगणकात साऱ्या घराण्याचे फोटो साठवले. संगणकाचा पत्ता बदलला की घरभर 'फोटो गेले' अशी हाकाटी होई. शेवटी तो म्हणाला, "काका, याला पक्का पत्ताच देऊन टाकतो."

"मग माझ्या फोनलाही दे की. होऊन जाऊ दे कायम."

"फोनला कशाला, काका? तोच उठून दुसऱ्यांकडे जातो. त्याला भाड्याचा पुरतो. ज्याच्याकडे बाकीचे येतात ना, त्याला लागतो पक्का पत्ता."

मुलगा सहज बोलून गेला, पण मला त्याचे वडील आठवले. म्हणजे आमचे थोरले दादा. ते वाईच्या घरात राहिले म्हणून आम्हा तिघा भावांना पुणं, नागपूर, बडोदं करत हिंडता आलं. गणपतीला कुठं जमायचं, जुन्या पत्रिका कुठं सापडतील, आजारी आत्या कुणाकडं राहील, या सगळ्या प्रश्नांना उत्तर एकच. आम्ही त्याला कौतुकानं 'दादांना शहर मानवत नाही' असं म्हणतो. प्रत्येक घराण्यात असा एकजण असतो, आणि त्याला शहर न मानवल्याचं निदान बाकीच्यांनीच केलेलं असतं. एकानं जागा सोडायची नाही आणि बाकीच्यांनी मोकळं व्हायचं, ही वाटणी न्याय्य म्हणायची का? पक्का पत्ता हा मान की ओझं? मला वाटतं, ज्याचा त्यानं निवडला तर मान, दुसऱ्यांनी गळ्यात घातला तर ओझं. संगणकाला निदान हा प्रश्न पडत नाही.

पुतण्यानं काळा पडदा उघडला. राउटर १०० च्या पुढचे आकडे भाड्यानं देतो, म्हणून त्यानं अलीकडचा ५० निवडला. नाही तर एकाच खोलीवर दोघांचा दावा. 'आयपी ॲड्रेस ॲड', पुढं १९२.१६८.१.५०, मग तिरकी रेघ आणि २४. ही शेपटी कशाला? पहिले तीन आकडे गल्लीचे, उरलेला घराचा, हे कळावं म्हणून. एका ओळीत पत्ता लागू झाला.

"झालं?" मी म्हणालो.

"कसलं झालं? बंद करून चालू केलं की विसरेल. हा नुसता तोंडी हुकूम. कायम करायचं तर फाइलीत लिहावं लागतं."

आमच्या घरीही दर गणपतीत आरती झाली की कोणीतरी भरल्या गळ्यानं म्हणतं, "घर दादांचंच. आम्ही कुठं मागतोय?" सगळे माना डोलावतात, प्रसाद वाटला जातो, गाड्या पुण्याच्या रस्त्याला लागतात. हा तोंडी हुकूम पुढच्या गणपतीपर्यंत छान टिकतो. माणसांचं चालू-बंद मात्र विचारून होत नाही. आमची पिढी एकदा बंद झाली की पुढच्यांना काय आठवणार? मायेची हीच खोड आहे. ती बोलते भरपूर आणि लिहिताना चष्मा शोधत बसते. फाइलीत लिहिण्याच्या प्रकाराला माणसांत हक्कसोडपत्र म्हणतात आणि त्याची रीतसर नोंदणी करावी लागते.

पुतण्यानं फाइल लिहून संगणक बंद करून पुन्हा चालू केला. पत्ता जागच्या जागी होता. मी बाकीच्या दोघा भावांना फोन लावला आणि विचारलं, "चष्मा जवळ आहे ना?"