घोडा, माणूस आणि लाथ

माणसाला एखादा निरुपद्रवी छंद असावा, असं थोर लोक सांगतात. कुणी तिकिटं जमवतो, कुणी कुंडीत वड लावून त्याचे हाल करतो. काही लोक मात्र नव्या भाषा तयार करतात. झामेनहॉफ या डोळ्यांच्या डॉक्टरने १८८७ साली एस्परान्तो काढली, ती जगात सलोखा नांदावा म्हणून. टोल्किनसाहेब फिनिश आणि वेल्श भाषांच्या नादावर लुब्ध झाले आणि त्यांनी आपल्या काल्पनिक एल्फ लोकांना भाषा करून दिल्या. मी बँकेतला कारकून. आठवडाभर दुसऱ्यांचे पैसे मोजतो. रविवारी चार क्रियापदं तरी स्वतःची असावीत, म्हणून मीही एक भाषा करायला घेतली. कच्चा माल आणला तो अमेरिकेतल्या नवाहो लोकांकडून.

ॲरिझोना, न्यू मेक्सिको, यूटा या बाजूला ही भाषा बोलतात. तिच्यात मूळ स्वर चारच. 'उ' नाहीच! पण तेच चार स्वर लांबवून, नाकातून काढून, वरच्या पट्टीत नेऊन असे काही वापरतात, की परवाच्या भाताचे आज थालीपीठ आणि उद्या सांडगे करणाऱ्या गृहिणीने हात टेकावेत. शिवाय एक 'ल' असा आहे, की आवाज न काढता जिभेच्या कडांवरून नुसती हवा सोडायची. मी आरशासमोर सराव करत होतो, तेव्हा सौ.ने काळजीने विचारलं, "दाढ दुखतेय का हो?"

व्याकरण त्याहून मजेदार. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं, एवढाच दिलासा. पुढे नुसतं 'दे' म्हणून भागत नाही. वस्तू गोल आहे, काठीसारखी ताठ आहे, दोरीसारखी लवचीक आहे, कागदासारखी पातळ आहे की चिखलासारखी, त्याप्रमाणे क्रियापदाचा धातू बदलतो. असे अकरा प्रकार मानतात. साडी नेसणाऱ्या, सदरा घालणाऱ्या, गजरा माळणाऱ्या आणि चष्मा लावणाऱ्या मराठी माणसांनी याला हसू नये. मी माझ्या भाषेत चेकला एक 'देणं' ठेवलं, नाण्यांना दुसरं. चिखलाचं होतं, ते बुडीत कर्जासाठी राखून ठेवलं.

इथवर सगळी गंमत होती. मग तो घोडा आला.

नवाहोत नामांना पायऱ्या आहेत. माणूस वर, जनावर खाली, निर्जीव वस्तू त्याहून खाली. वरच्या पायरीवरच्याने वाक्यात आधी यायचं. घोड्याने माणसाला लाथ मारली, तरी सुरुवात माणसापासून. लाथ कुणी कुणाला मारली, ते क्रियापदाचा उपसर्ग सांगतो. विदरस्पून नावाच्या अभ्यासकाने १९७७च्या आपल्या ग्रंथात याचा अर्थ असा लावला, की माणसाने घोड्याकडून स्वतःला लाथ मारू दिली. ज्याची अक्कल मोठी, जबाबदारीही त्याची.

मी हा नियम थोडा ताणून आमच्या शाखेला लावला. आमच्याकडे फाइल हरवते, सर्व्हर डाऊन होतो, अर्ज मागे पडतो. माणूस कुठेच नाही! माझ्या भाषेत म्हणावं लागेल, "कारकुनाने फाइलला हरवू दिलं, साहेबांनी अर्जाला मागे पडू दिलं." शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "या भाषेत बँक एक दिवस चालायची नाही." घरीसुद्धा चालणार नाही. मराठीत दूध आपलं आपण उतू जातं, कप आपला आपण फुटतो, म्हणून तर संसार टिकतात.

पण परवा एके ठिकाणी वाचलं, की नवाहो मुलांमध्ये ही भाषा मागे पडत चालली आहे. किती सोयीचं वाक्य! दूध उतू गेलं, तशी भाषा मागे पडली. नवाहो पद्धतीने वरच्यापासून सुरुवात केली, तर वाक्य वेगळं होतं. अमेरिकेच्या सरकारने मुलांना घरापासून दूर वसतिशाळांत घातलं. आपली भाषा बोलणाऱ्या मुलांना तिथे शिक्षा होत. साबणाने तोंडं धुतली जात. मग महायुद्ध आलं आणि १९४२ साली त्याच सरकारच्या मरीन दलाने एकोणतीस नवाहो तरुण घेऊन त्याच भाषेवरून सांकेतिक लिपी बनवली. रणगाड्याला कासव, हातबॉम्बला बटाटा. युद्धभर असे चारशेच्या आसपास जवान राबले. शत्रूला ती कधी उकलली नाही. १९६८पर्यंत ते सगळं गुपितच होतं. त्या एकोणतिसांना सुवर्णपदकं मिळाली २००१मध्ये, तेव्हा बहुतेक जण हयात नव्हते. साबण ताबडतोब, पदक सवडीने.

मग अशा लोकांच्या व्याकरणावर मी रविवारचा खेळ मांडावा का? बँकेच्या हिशेबाने पाहिलं, तर भाषा ही अजब ठेव आहे. कितीही जणांनी काढली तरी शिल्लक कमी होत नाही. माझ्या खेळाने एकाही नवाहो आजीचा शब्द उणा झालेला नाही. पण शिल्लक कमी झाली नाही म्हणून उचल केलीच नाही, असं कुठलाही ऑडिटर मान्य करणार नाही. खातेदाराचं नाव लिहावं लागतं, आणि त्याच्या खात्यावर पूर्वी कुणी डल्ला मारला तेही माहीत असावं लागतं. उचल करणारा वरच्या पायरीवर असेल, तर वाक्याची सुरुवात त्याच्यापासून व्हायची, हा नियम तर मी त्यांच्याकडूनच उचलला आहे.

म्हणून माझ्या भाषेच्या वहीच्या पहिल्या पानावर 'ही भाषा सुचली' असं लिहिलेलं नाही. तिथे लिहिलंय, 'मी ही नवाहोंकडून घेतली.' घेतली म्हणजे गोल घेतली, ताठ घेतली की पातळ, ते क्रियापद मात्र अजून ठरायचं आहे. चिखलाचं नसावं, एवढीच इच्छा.