भीती, सर्व सोयींसह

भीती ही पैसे मोजून विकत घ्यायची वस्तू आहे, असं मला चाळीत राहत असताना कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला आमच्या घरमालकाकडे धाडलं असतं. तिथे ती भाड्यातच मिळायची. पण टांझानियात, सेरेंगेटीच्या माळावर, कापडी तंबूत चार रात्री काढल्यावर तिचा बाजारभाव कळला. म्हणजे मला नाही, सौ.ला. खर्च जावईबापूंचा. मी सभ्यपणाने आकडा विचारला नव्हता, सौ.ने तो काढून घेतला आणि पहिली रात्र सिंहाऐवजी आकड्याच्या धास्तीने जागून काढली.

तळाला कुंपण नाही. हे उणेपण नव्हे, हीच म्हणे खरी चैन. अंघोळीला डोक्यावर टांगलेली पाण्याची पिशवी, दाराला चेन, उशाशी शिट्टी. सिंह तंबूत का शिरत नाही? तर बंद तंबू त्याला भिंतीसारखा वाटतो, असं तिथले जाणकार सांगतात. म्हणजे आपलं आयुष्य सिंहाच्या एका गैरसमजावर टांगलेलं! मायेचा इतका रोकडा उपयोग आमच्या कीर्तनकारबुवांनीही कधी सांगितला नव्हता. त्याची डरकाळी आठ किलोमीटरपर्यंत ऐकू जाते म्हणतात. तेव्हा तो आठ किलोमीटरांवर आहे की आठ फुटांवर, याचं चिंतन करायला रात्र मोकळी.

पण सकाळी सहाला दाराशी चहा येणार, हे ठाऊक असताना वाटते तिला भीती म्हणावं का? मला वाटतं, म्हणू नये. गुदगुल्या म्हणावं.

खरी भीती ज्याची असायला हवी, तो अस्करी. अस्करी म्हणजे राखणदार. शब्द आपल्या लष्कराच्या भाऊबंदांतला. तिथली भाषा अशी ओळखीची निघते. गाडीला ते गारी म्हणतात, दुकानाला दुका. हा उंच मसाई मला ‘बाबू’ म्हणायचा. कचेरीत तीस वर्षं काढल्याचं तोंडावर दिसतं की काय, असं वाटलं. मग कळलं, बाबू म्हणजे आजोबा.

रात्री जेवण झालं की भाला आणि बॅटरी घेऊन तो आम्हाला तंबूपर्यंत सोडायचा. साठ पावलं. त्याच्या आजोबांची गुरं याच माळावर चरायची, असं तो एकदा चालता चालता म्हणाला. सेरेंगेटीचं राष्ट्रीय उद्यान झालं १९५१ साली, आणि १९५९ साली मसाईंना तिथून उठवून शेजारच्या गोरोंगोरोत नेलं. तिथूनही सरकारने २०२२ साली त्यांना दूर म्सोमेराला हलवायला सुरुवात केली. आणि आमच्या माहितीपत्रकात मात्र ‘मानवाचा स्पर्श न झालेली भूमी’! घर रिकामं करून घेतल्यावर ‘इथे कधी कुणी राहतच नव्हतं’ असं म्हणण्याची तऱ्हा आम्हा भाडेकरूंना अपरिचित नाही.

सौ. म्हणाली, “माणसं राहिली असती तर ही जनावरं उरली असती का?” प्रश्न रास्त आहे, आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. माणसांची वस्ती वाढली की रान मागे हटतं, हे कुणाला सांगायला नको. पण नू नावाच्या त्या दाढीवाल्या जनावराची गोष्ट ऐका. १९६१ साली ते तिथे अडीच लाखांच्या आसपास होते. १९७७ पर्यंत तेरा लाखांवर गेले. या वाढीचं मोठं कारण, उद्यानाभोवतालच्या गुरांना बुळकांड्याची लस टोचली. गुरांचा रोग हटला, तसा रानातलाही हटला. म्हणजे ज्या अस्पर्श निसर्गाचे फोटो काढायला आम्ही समुद्र ओलांडला, त्याच्या बरकतीत गुराख्यांच्या गाईंना टोचलेल्या सुईचाही वाटा आहे. गाईंचा हा उपकार आणि गुराख्याला नोकरी रात्रपाळीची! हा हिशेब मला काही केल्या जुळवता आला नाही. सौ.लाही नाही, आणि घरातला हिशेब तिच्याकडे असतो.

शेवटच्या रात्री तंबूशी पोचल्यावर मी त्याला विचारलं, “आम्हाला तू सोडतोस. परत जाताना तुझ्याबरोबर कोण असतं?”

तो हसला. “कुणी नाही.”

“मग आज मी येतो तुला सोडायला.”

“या ना, बाबू,” तो म्हणाला, “पण मग तुम्हाला सोडायला मला पुन्हा यावं लागेल.”