खरखरीत चांदीचा हिशेब

वाणगाव स्टेशनातून बाहेर पडलं की मिरचीच्या पोत्यांपलीकडे हल्ली एक मोठी छत्री उभी असते. परवा तिथल्या पोरानं माझ्या हातात पत्रक कोंबलं: नॅनो सुवर्णकणांचं क्रीम, चेहऱ्याला सोन्याची झळाळी. वर त्याचं पाठ केलेलं भाषण. ‘काका, हे आपल्या ऋषींना आधीच माहीत होतं. सुवर्णभस्म म्हणजे नॅनोच की.’

नॅनो म्हणजे एकदम बारीक, आणि बारीक म्हणजे जालीम, एवढाच अर्थ आता या शब्दाला उरलाय. भस्म घोटणाऱ्या वैद्याच्या हाताबद्दल मला आदर आहे. चौथ्या शतकातल्या ज्या रोमन कारागिरानं बाहेरून हिरवा आणि आत दिवा ठेवला की लाल दिसणारा काचेचा पेला घडवला (तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे), त्याच्याबद्दलही आहे. त्या काचेत सोन्याचांदीचे सूक्ष्म कण आहेत हे आपल्याला आज कळतं, त्याला ते कळायचं कारण नव्हतं. हातोटी ही हातोटी असते. तिला कल्पना म्हटलं की कल्पना जन्मली तो क्षण हातचा जातो.

तो क्षण फॅरडेच्या नावावर टाकायची पद्धत आहे. 1857 मध्ये त्यानं सोन्याच्या क्षारातून फॉस्फरसच्या मदतीनं माणकासारखं लाल पाणी तयार केलं. खरं कौतुक त्याच्या पुढच्या उद्योगाचं: त्यानं त्यात मीठ टाकलं आणि पाणी निळं पडलं. सोनं तेच, वजन तेच, तरी रंग बदलला. म्हणजे रंग सोन्याच्या अंगचा नाही, कण कसे आहेत आणि एकमेकांच्या किती जवळ आहेत त्यावर ठरतो. 1908 मध्ये गुस्ताव मी यांनी गोल कणांचं गणित पक्कं केलं. कणातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर कळशीतल्या पाण्यासारखे हिंदकळतात. काही नॅनोमीटरपासून काही दशक नॅनोमीटरपर्यंतच्या सोन्याच्या गोळ्यांत हा ताल 520 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या प्रकाशाशी जुळतो. हिरवा गिळला जातो, उरलेला लाल दिसतो. वुड, फानो, रिची ही पुढची नावं पाठ्यपुस्तकात सापडतात, तिथे थांबत नाही.

मला थांबायचंय ते खरखरीपाशी. डहाणूच्या या पट्ट्यात दागिन्यांचे डाय बनवणारे पुष्कळ. त्यातल्या एका ओळखीच्या कारागिरानं पोलादी डाय ट्यूबलाइटखाली तिरका धरून दाखवला. कोरलेल्या पाकळीच्या तळाशी एक पांढुरकी रेघ चमकत होती. ‘इथे खरखर राहिली. पत्र्यावर उमटणार.’ आणि तो पुन्हा घासायला बसला. धातूचा पृष्ठभाग गुळगुळीत हवा, खरखर म्हणजे खोट, हीच समजूत प्रयोगशाळेतही होती.

1974 मध्ये साउथॅम्प्टनला फ्लाइशमन, हेन्ड्रा आणि मॅक्विलन यांनी चांदीचा इलेक्ट्रोड मुद्दाम खरखरीत केला. त्यावर चिकटलेल्या पिरिडीनच्या रेणूंचा रामन वर्णपट, म्हणजे रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशातली त्यांची खूण, त्यांना मिळाला. ज्यांना 28 फेब्रुवारी विज्ञान दिन म्हणून माहीत आहे त्यांना रामन परिणाम किती क्षीण असतो हेही ठाऊक असेल. एका थराएवढ्या रेणूंकडून तो मिळणं ही मोठीच गोष्ट. मग ‘शोध 1974 मध्येच लागला’ असं लिहिलं जातं, आणि माझं भांडण इथेच आहे. त्या तिघांचा हेतू साधा होता: पृष्ठभाग वाढला की रेणू जास्त बसतील आणि खूण ठळक होईल. विचार जुनाच होता, जास्त माल, जास्त भाव. (हेच फ्लाइशमन पुढे 1989 मध्ये शीत संमीलनाच्या दाव्यात अडकले. तो वेगळा लेख.)

कल्पना बदलली 1977 मध्ये, आणि तीही बेरीज चुकल्यामुळे. अमेरिकेत जॅनमेअर आणि व्हॅन डायन, इंग्लंडात केंटला अल्ब्रेक्ट आणि क्रायटन यांनी रेणू मोजले. क्षेत्रफळ फार तर दहापट वाढलं असेल, खूण मात्र लाख ते दहा लाखपट. व्हॅन डायन यांच्याकडे तर चांदी कमी खरवडली तेव्हा खूण आणखी वाढली. क्षेत्रफळाच्या हिशेबात हे बसतच नाही. रेणू जास्त झाले नव्हते, प्रत्येक रेणूवर पडणारा प्रकाश जास्त झाला होता. चांदीचे उंचवटे प्रकाशाला चिमटीत धरत होते. 1978 मध्ये मॉस्कोविट्स यांनी त्याचा संबंध त्याच हिंदकळणाऱ्या इलेक्ट्रॉनांशी जोडला. धातू किती आहे हा प्रश्न मागे पडला आणि धातूला घडण कोणती आहे हा पुढे आला. खोट हेच साधन झालं.

मराठीत एक अडचण आहे. ‘आकार’ म्हणताना आपण घडण आणि मोजमाप एकाच झोळीत टाकतो, आणि ‘बारीक’वाल्यांचं फावतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे चपटे त्रिकोण बनवले. ते अवरक्त प्रकाश गिळतात. गोळ्याला जे जमत नाही ते त्रिकोणाला जमतं, धातू तोच असून.

यासाठी पुण्यापर्यंत जायलाही नको. तलासरीच्या पाड्यावर ताप आलेल्या पोराच्या बोटातून आशाताई रक्ताचा थेंब घेते, पट्टीवर टाकते आणि घड्याळाकडे बघत बसते. मलेरियाच्या अशा बहुतेक पट्ट्यांवर उमटणारी लाल रेघ सोन्याच्या कणांची असते. वाणगावच्या सराफाला ते सोनं दाखवलं तर तो हसेल.

मी त्या छत्रीखालच्या पोराला विचारलं, ‘कण केवढे? गोल आहेत का?’

‘एकदम बारीक, काका.’ त्यानं बरणी उघडून माझ्या नाकाखाली धरली. क्रीम पिवळंधमक होतं.