मशीन दुसऱ्याच्या दारात

दिवाळीच्या पाडव्याला थोरला पोरगा एक कागद घेऊन ओट्यावर माझ्याशेजारी बसला. लहान पोकलेनचं कोटेशन होतं. तीन टनी, रबरी पट्ट्याचं. आमच्या माणदेशात पिवळं मशीन दिसलं की लोक त्याला जेसीबीच म्हणतात, आणि पट्ट्यावर चालणाऱ्याला पोकलेन. दोन्ही खरं तर कंपन्यांची नावं. पहिली इंग्रज, दुसरी फ्रेंच. पण टिकाव-फावड्यासारखी ती आता आमच्या तोंडात बसली आहेत.

पोरगा म्हणाला, "नाना, भाड्यात किती पैसा घालवायचा? सोताचंच घिऊ."

त्याचं म्हणणं वाऱ्यावरचं नव्हतं. आमची डाळिंबाची बाग आहे. दोन ओळींत चौदा फूट अंतर. मोठं मशीन आत घातलं की एका बाजूच्या फांद्या मोडतात, म्हणून लहान मशीन लागतं. पाइपलाइनची चर, नव्या लावणीचे खड्डे, शेणखत भरणं, ओघळीनं फुटलेला बांध घालणं, अशी कामं वर्षभर निघतात. मशीनवाला "उद्या येतो" म्हणतो आणि आठव्या दिवशी येतो. तोवर पाइप उन्हात पडून राहतात.

मी दहावी शिकलेला माणूस, पण बेरीज-वजाबाकी पक्की. कोटेशन उलटं केलं आणि मागं हिशेब मांडला. किंमत चोवीस लाखांच्या आसपास. पाच लाख पदरचे, एकोणीस लाख कर्ज. दहा टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचं तर हप्ता महिन्याला ४०,००० च्या वर. ऑपरेटरचा पगार आणि भत्ता २०,०००. विमा, ऑइल, ग्रीस, फिल्टर, बादलीचे दात, सगळं मिळून ८,००० धरले. महिन्याला झाले ६८,०००. वर्षाला ८,१६,०००.

आता मिळकत. आमच्याकडे लहान मशीनचा भाव तासाला १,००० रुपये. तासाला चार लिटर डिझेल वजा केलं की हातात राहतात ६३० च्या आसपास. म्हणजे नुसतं तोंडमिळवणी करायला वर्षाला जवळजवळ १,३०० तास मशीन चाललं पाहिजे. पावसाचे चार महिने ते उभंच. राहिलेल्या आठ महिन्यांत महिन्याला १६० तास, म्हणजे रोज आठ तासांप्रमाणे वीस दिवस. आणि आमचं घरचं काम किती? मागच्या पावत्या काढून बघितल्या. वर्षाला सत्तर तास. भाड्यानं ७०,००० रुपयांत भागणारं.

पोरगा हटला नाही. "ऑपरेटर कशाला? मी सोता चालवीन."

"आन बाग?"

"गडी लावू."

"मग गड्याचा पगार मांड."

तो गप्प झाला, पण मग म्हणाला, "पाच वर्सांनी मशीन तर आपलं राहतंय की. भाड्याचा पैसा गेला तो गेलाच." हेही खरंच होतं. जुनं मशीनही काही लाखांना जातं. पण मधली पाच वर्षं बाराशेच्या वर तास दुसऱ्याच्या रानात घालवायचे, ही गोष्ट कागदावर बारीक दिसत होती आणि मला मोठी दिसत होती. शेतीला मशीन आणायला निघालेला माणूस मशीनचाच गडी होऊन बसतो.

बैलही बसून खातो, असं कोणी म्हणेल. खातो की. पण तो आपल्याच बांधावरचं गवत, आपल्याच रानातला कडबा खातो, आणि खाऊन शेण देतो. मशीनला ठरल्या तारखेला रोख लागतं. त्या दिवशी पाऊस आहे, गावात कोणी मेलंय, की डाळिंबाचा भाव पडलाय, हे ते विचारत नाही.

एक सांगून ठेवतो. मी यंत्राच्या विरुद्धचा माणूस नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी दहा-बारा वर्षांचा होतो. आई पाझर तलावाच्या कामावर जायची. चौकड्या मोजून पैसे मिळायचे, आणि सुकडी. संध्याकाळी ती भाकरी थापायला बसली की तळहात पिठाला लागू द्यायची नाही, बोटांनीच थापायची. तळहाताची सालटं निघालेली असायची. पुढं आमची विहीर खणली तेव्हा यारीनं दगड वर काढले, सुरुंग लावले. सुरुंगाच्या आवाजानं एका माणसाचा कान कायमचा गेला. ते दिवस सोन्याचे होते असं जो म्हणतो त्यानं घमेलं उचललेलं नसतं. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल शेततळं म्हणजे जवळजवळ पावणेआठशे ब्रास माती. धट्टाकट्टा माणूस मऊ मातीत दिवसाला एक ब्रास काढील, मुरमात अर्धीच. मोठं पोकलेन तेच काम चार-पाच दिवसांत करतं. मशीन नको असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? मशीन पाहिजे. प्रश्न एवढाच, की ते कोणाच्या दारात उभं असावं.

तर हिशेबाचं उत्तर निघालं. भाडं स्वस्त. कागद घडी करून ठेवायचा आणि उठायचं. पण मला उठवेना, कारण भाडं स्वस्त का पडतं याचं उत्तर मला दुसऱ्या एका दारात दिसलेलं होतं.

आमच्या वस्तीपलीकडं एक पोरगा आहे. माझ्या पोरापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान. त्यानं असंच लहान पोकलेन घेतलं होतं. आईचे दागिने आणि बापाच्या दीड एकराचा आधार. मशीनला हार घातला तेव्हा नारळ फोडायला मलाच बोलावलं. मला "नाना" म्हणायचा. माझं काम निघालं की दुसऱ्याचं सोडून यायचा. मी म्हटलं, घरच्या माणसाला शंभर कमी घे. त्यानं नऊशेनं केलं.

एका हंगामात त्यानं माझं तेवीस तासांचं काम केलं. २०,७०० रुपये झाले. मी ५,००० दिले आणि म्हणालो, "बाग उतरली की देतो." त्या वर्षी बागेवर तेल्या आला. फळं काळी डागाळली, तडकली. बाग उतरली ती खड्ड्यात पुरायला. तो दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा चहा पिऊन गेला. तिसऱ्या वेळी दारातूनच म्हणाला, "नाना, जमलं तर बघा." मी म्हणालो, "बघतो." चार महिने गेले.

त्या चार महिन्यांत माझ्याकडं पैसा नव्हता असं मी लोकांना सांगायचो. सगळाच नव्हता असं नाही. औषधाच्या दुकानदाराला मी वेळेवर दिला, कारण तो पुढची बाटली देत नाही. सोसायटीचं नवंजुनं केलं, कारण नोटीस येते. भाचीच्या लग्नात आहेर केला, कारण लोक बघतात. ज्यानं मागायला संकोच केला त्यालाच मी थांबवलं. ज्याचा धाक त्याला आधी आणि ज्याची भीड त्याला शेवटी, असा हिशेब मी केला. तो कोणत्या वहीत मांडलेला नव्हता, पण केला मात्र पक्का.

असं थांबवणारा मी एकटा नव्हतो. गावात त्याचे बरेच पैसे अडकले होते. दोन हप्ते थकले. मग तो रात्रीच्या कामाला जायला लागला. ओढ्यातली वाळू, गायरानातला मुरूम. रात्रीचा भाव दिवसाच्या दुप्पट, आणि रोख. आम्हाला आवाज यायचा. उन्हाळ्यात अंगणात निजलं की लांबून मशीनची घरघर ऐकू यायची. कुठलं मशीन आहे ते मला ओळखू यायचं. मी कूस बदलायचो. सकाळी त्याला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर पैशाचा विषय निघाला असता.

एका रात्री महसूलची गाडी आली. जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमाखाली परवान्याशिवाय वाळू-मुरूम काढला तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि मशीनही जप्त होतं. मशीन तहसीलच्या आवारात जाऊन उभं राहिलं. इकडं हप्ता चालूच. पुढं त्या मशीनचं काय झालं याच्या गावात दहा गोष्टी आहेत. ते त्याच्या दारात परत आलं नाही, एवढं खरं. माझे १५,७०० मी त्यानंतर आठ दिवसांनी नेऊन दिले. त्यानं मोजले नाहीत.

ही गोष्ट मी पाडव्याच्या दिवशी पोराला पुन्हा सांगितली. त्याला ती ठाऊक होती, माझा भाग तेवढा ठाऊक नव्हता. ऐकून तो म्हणाला, "नाना, त्यानं धंदा केला. नफा झाला आसता तर आपल्याला वाटला आसता का? मग तोटा आपल्या डोक्यावर का घिता? आन वाळू काढायला तुमी सांगितलंवतं का?"

पोराचा प्रश्न सरळ होता आणि त्याला सरळ उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले.

वाळू त्यानं काढली, ते त्याचं. ओढ्याचं पाणी पळालं, खालच्या विहिरी आटल्या, त्याचा दोष मी माझ्या अंगावर घेऊन त्याला मोकळा करणार नाही. काम मिळेल की नाही ही जोखीमही त्याचीच होती, धंदा म्हणतात तो त्यालाच. पण मी चार महिने त्याचे पैसे वापरले ती धंद्यातली जोखीम नव्हती. ती माझी बोली होती. भाडं स्वस्त पडतं कारण मशीन रिकामं उभं राहण्याचे दिवस दुसरा कोणीतरी अंगावर घेतो. पावसाचे चार महिने, मोडलेला दात, आजारी पडलेला ऑपरेटर, सगळं त्याच्याकडं. मी फक्त चाललेला तास विकत घेतो. हा सौदा वाईट नाही. पण त्या तासाचे पैसेही मी दिले नाहीत, तर माझी चर त्याच्या आईच्या दागिन्यांनी खणली गेली, असंच म्हणायला पाहिजे.

पूर्वी सावड होती. ज्याच्याकडं एकच बैल, तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी वारंगुळा करायचा. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. त्यात सगळं गोड होतं असं नाही. ज्याच्याकडं बैलच नसायचा त्याची पाळी शेवटी यायची, आणि तोवर वाफसा निघून जायचा. पण एक होतं. दुसऱ्याचा दिवस घेतला की आपला दिवस द्यावा लागायचा, आणि तो याच हंगामात द्यावा लागायचा. पुढच्या वर्षी देतो म्हणायची सोय नव्हती. पैशानं ती सोय करून दिली.

आम्ही मशीन घेतलं नाही. पोरगा काही दिवस नाराज होता. अजूनही भाव वाढला की तो मला कोटेशनची आठवण करून देतो, आणि दहा वर्षांनी कदाचित तोच बरोबर ठरेल. पण त्यानं एक काम केलं. वस्तीवरच्या पाच घरांची कामं त्यानं एका कागदावर उतरवून काढली. कोणाची चर, कोणाचे खड्डे, कोणाचा बांध. मशीन गाडीवर घालून आणायचा खर्च पाच जणांत वाटला. मशीनवाल्याला सलग आठ दिवस काम मिळालं, म्हणून तो सांगितल्या दिवशी आला. निम्मे पैसे आधी आणि उरलेले काम संपल्या संध्याकाळी, असं ठरवलं. पाचांपैकी एकानं कुरकूर केली. त्याचे दोन हजार मी भरले. नंतर त्यानं मला दिले, पण वेळ लावून. मी त्याला बोललो नाही. बोलायचा हक्क मला नव्हता.

मशीन दुसऱ्या गावाचं होतं. चालवायला उतरला तो आमचाच पोरगा. आता तो पगारावर ऑपरेटर आहे. मला बघून म्हणाला, "कुठनं चालू करू, नाना?" मी खुंट्या दाखवल्या. दिवसभर त्यानं चर काढली. ओळीतल्या एका झाडाची फांदीसुद्धा मोडली नाही. संध्याकाळी मीटर बघून मी पैसे काढले आणि त्याच्या हातात दिले. ते त्याच्या मालकाला जायचे होते. या वेळी त्यानं मोजले. दोनदा मोजले आणि म्हणाला, "बरोबर हायत."

मी त्याला चहाला थांब म्हणालो. तो म्हणाला, "न्हाई नाना, पुढच्या बांधावर उजेडात पोचलं पायजे."